तोच खेळ, नवी चौकडी

संगणकावर किंवा मोबाइलवर साहसाचे खेळ तुमच्यापैकी पुष्कळ जण खेळत असतील. त्यांतला एक प्रकार फारच रंजक असतो. चार-सहा वीरांची एक टोळी आपण निवडायची. कोणी तलवारबहाद्दर, कोणी जादूगार, कोणी वैद्य. ही टोळी घेऊन गुहा आणि किल्ले पालथे घालायचे, राक्षसांशी लढायचे आणि शेवटी मुख्य दुष्टाचा निःपात करायचा. पहिल्या वेळी या खेळात जेवणाचीही शुद्ध राहत नाही. दुसऱ्या वेळीही मजा येते. तिसऱ्या वेळी मात्र जांभया येऊ लागतात. मग घरात हट्ट सुरू होतो, नवा खेळ घेऊन द्या!

पण खरोखरच नवा खेळ लागतो का? जुनाच खेळ नवा करता येणार नाही का? थोडे गणित आणि थोडी विज्ञानाची शिस्त वापरली, तर या प्रश्नाचे चांगले उत्तर मिळते.

खेळ जुना होतो म्हणजे काय?

खेळ काही झिजत नाही. शंभराव्या वेळीही राक्षस तितकाच मोठा आणि गुहा तितकीच काळोखी असते. बदललेले असतो आपण. कोणत्या वळणावर कोण दबा धरून बसला आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक झालेले असते.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली माहिती मोजण्याची एक रीत सांगितली. तिच्यातील मुख्य कल्पना अगदी सोपी आहे. जी घटना घडणार हे पक्के ठाऊक आहे, ती घडल्याने आपल्याला काहीच नवी माहिती मिळत नाही. सूर्य पूर्वेला उगवला, यात बातमी ती कसली? उलट, नाणे उडवले तर छाप पडेल की काटा हे आधी कळत नाही. म्हणून ते पडल्यावर आपल्याला माहितीचा एक एकक मिळतो. त्याला 'बिट' म्हणतात. दोन नाणी उडवली तर चार शक्यता आणि दोन बिट, तीन नाण्यांना आठ शक्यता आणि तीन बिट. पाठ झालेल्या खेळातून मिळणारी माहिती शून्याकडे जाते आणि त्यालाच आपण 'कंटाळा आला' असे म्हणतो. तेव्हा खेळ नवा करायचा म्हणजे त्यात पुन्हा अनिश्चितता आणायची.

पत्त्यांचा मार्ग

अनिश्चितता आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पिसणे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची गंजिफा तुम्ही ऐकली असेल. हे रंगवलेले गोल पत्ते असतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. तीन खेळाडूंना प्रत्येकी ४० पाने वाटली, तर किती निरनिराळ्या वाटण्या होतील? हिशेब केला तर ही संख्या १ वर ५५ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येहूनही थोडी मोठी येते. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. त्याचे सेकंद केले तर ४ वर १७ शून्ये, एवढेच भरतात. विश्वाच्या आरंभापासून दर सेकंदाला एक डाव वाटत बसले असते, तरी त्या वाटण्यांचा नगण्य अंशही संपला नसता.

पत्ते शिळे का होत नाहीत, हे आता कळले. पण आपल्या साहसाच्या खेळात पिसण्याजोगी पाने नाहीत. गोष्ट तीच, वाटा त्याच, राक्षस तेच. तेथे दुसरा मार्ग हवा. तो मार्ग आपल्या कोकणातील नट शेकडो रात्री चोखाळत आले आहेत.

दशावताराचा मार्ग

सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या काठी आरोंदा हे गाव आहे. खाडीच्या पलीकडे गोवा. आरोंद्याच्या सातेरी-भद्रकालीच्या देवळासारख्या इकडच्या देवळांतून जत्रा भरतात आणि जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग आणि मग पुराणातील एखादे आख्यान. रात्री उशिरा उभे राहिलेले नाटक पहाटे दहीकाल्याने संपते.

आख्यानाचा शेवट समोर बसलेल्या आजोबांना ठाऊक असतो आणि नातवालाही ठाऊक असतो. मग सगळे रात्रभर का जागतात? कारण परंपरेने या नाटकाला लिहिलेली संहिताच नसते. आज कोणते आख्यान आणि कोणाकडे कोणती भूमिका, हे नाटकाआधी ठरते. संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्याउभ्याच रचतात. राजपार्टी करणारा नट बदलला की राणीची उत्तरे बदलतात, राक्षसाची गुर्मी बदलते आणि नारदाच्या कळी लावण्याचीही तऱ्हा बदलते. एक माणूस बदलला, पण नाते सर्वांचे बदलले. काय घडणार हे ठाऊक असले, तरी कसे घडणार हे ठाऊक नसते. सारे नावीन्य या 'कसे'मध्ये आहे.

सहा नट आणि सहा भूमिका असतील आणि कोणीही कोणतीही भूमिका करू शकत असेल, तर ६ × ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे ७२० प्रकारे वाटणी होईल. प्रत्यक्षात तसे नसते. समजा, राणी आणि तिची सखी या भूमिका करणारे दोन नट ठरलेले आहेत. मग उरलेल्या चौघांच्या २४ वाटण्या राहतात. ७२० वरून आपण २४ वर आलो, तरी नाटक काही शिळे झाले नाही. संख्या मोठी म्हणजे नावीन्य मोठे, असे नसते हे येथे ध्यानात ठेवा.

चौकडीचे गणित

आता आपल्या खेळाकडे वळू. टोळी घेऊन साहस करण्याचे हे खेळ मुळात कागद, पेन्सिल आणि फासे यांवर खेळले जात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो आणि बाकीचे आपापल्या वीराची भूमिका करतात. पुढे तीच कल्पना संगणकावर आली. १९८७ साली जपानमध्ये निघालेला 'फायनल फँटसी' हा त्यांतला गाजलेला खेळ. त्यात आरंभीच चार वीर निवडायचे असतात आणि प्रकार सहा असतात: योद्धा, चोर, नुसत्या हातांनी लढणारा मल्ल, जखमा बऱ्या करणारा पांढरा जादूगार, आग आणि वीज फेकणारा काळा जादूगार आणि दोन्ही विद्या थोड्याथोड्या येणारा तांबडा जादूगार. एकच प्रकार कितीही वेळा घेता येतो.

मग एकूण चौकड्या किती? वही काढा आणि माझ्याबरोबर मोजा.

चौघेही एकाच प्रकारचे: ६ चौकड्या.
तिघे एका प्रकारचे आणि चौथा दुसऱ्या: ६ × ५ = ३०.
दोघे एका आणि दोघे दुसऱ्या प्रकारचे: १५.
दोघे एका प्रकारचे आणि उरलेले दोघे दोन वेगळ्या प्रकारांचे: ६ × १० = ६०.
चौघेही निरनिराळे: १५.

बेरीज झाली १२६. सात नाणी उडवल्यावर १२८ शक्यता होतात, म्हणजे ही निवड जवळजवळ सात बिटांची झाली. शिवाय या खेळात रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या वीरावर शत्रूचे वार अधिक पडतात. म्हणून क्रमही धरला, तर ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १,२९६ रचना होतात.

असे असूनही बहुतेक खेळाडू प्रत्येक वेळी तीच एक 'भरवशाची' चौकडी घेतात. आणि मग खेळ जुना झाला, म्हणून तक्रार करतात!

फासा सांगेल ती टोळी

भरवशाच्या चौकडीचा मोह टाळण्याचा एक उपाय सांगतो. निवड आपण करायचीच नाही. प्रकार सहा आणि फाशाला बाजूही सहा. तेव्हा प्रत्येक प्रकाराला एक अंक द्या, फासा चार वेळा टाका आणि पडेल ती टोळी मुकाट्याने घ्या. चौघेही निरनिराळे पडण्याची शक्यता १,२९६ मध्ये ३६०, म्हणजे १८ मध्ये ५ आहे. चौघेही एकाच प्रकारचे पडण्याची शक्यता २१६ मध्ये अवघी १. तेव्हा घाबरू नका, बहुतेक वेळा मधलीच काहीतरी विचित्र टोळी वाट्याला येईल.

जगभरचे खेळाडू असे करतात. याच मालिकेतील १९९२ सालच्या पाचव्या खेळात चार स्फटिक आहेत आणि प्रत्येक स्फटिकाबरोबर वीरांना काही नवे पेशे मिळतात. २००९ सालापासून दरवर्षी भरणाऱ्या 'फोर जॉब फिएस्टा' या उपक्रमात प्रत्येक स्फटिकाच्या गटातून एकच पेशा सोडतीने वाट्याला येतो आणि तेवढ्या चार पेशांवर सारा खेळ पुरा करायचा असतो.

असे स्वतःला बांधून घेतल्याने काय मिळते? पहिल्या खेळात चारही पांढरे जादूगार घेतले, असे समजा. त्यांना आग फेकता येत नाही, जड तलवार पेलता येत नाही. खेळ अशक्यच वाटतो. पण भूतपिशाचांना इजा करणारा एक मंत्र त्यांच्याकडे असतो. भरवशाच्या चौकडीत तलवारीने काम भागते, म्हणून त्या मंत्राकडे आपण ढुंकूनही पाहत नाही. तसेच काही शस्त्रे आणि चिलखते लढाईत नुसती 'वापरली' तरी त्यांतून जादू निघते आणि ती कोणालाही वापरता येते. या गोष्टी खेळात पहिल्या दिवसापासून होत्या. अडचण आल्यावाचून त्या दिसल्या नाहीत, इतकेच. चार पांढऱ्या जादूगारांनिशी हा खेळ पुरा करणारे खेळाडू आहेत.

याउलट, शत्रूचे बळ दुप्पट केले तर काय होते? लढाई दुप्पट वेळ चालते, पण आपण करतो तेच. नुसती कठीणता वाढवणे म्हणजे नावीन्य नव्हे.

जिंकले कोण?

आता मुख्य प्रश्न. तुम्ही खेळ जिंकलात, हे ठीक. पण जिंकले कोण? तुमची बुद्धी, की त्या योद्ध्याची तलवार? एकाच चौकडीने दहा वेळा जिंकलात, तरी याचे उत्तर मिळणार नाही.

शाळेत लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल. आंदोलनाला लागणारा वेळ कशावर अवलंबून आहे, हे शोधण्यासाठी आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोरीची लांबी तीच ठेवून गोळा जड घेतला, तर वेळ बदलत नाही. गोळा तोच ठेवून दोरी लांब केली, तर वेळ वाढतो. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर जड गोळ्यामुळेच वेळ वाढला, असा चुकीचा निष्कर्ष आपण खुशाल काढला असता.

खेळातही हेच करा. पांढऱ्या जादूगाराशिवाय चालत नाही, असे तुम्हांला वाटते ना? मग बाकीचे तिघे तेच ठेवा आणि फक्त त्याच्या जागी दुसरा वीर घ्या. खेळण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवा, काय होईल असे वाटते. मग औषधाच्या किती कुप्या लागल्या, विश्रांतीसाठी किती वेळा सरायीत परतावे लागले, कोण आधी पडला, हे सारे नोंदवा. लढाईत नशिबाचाही भाग असतो. म्हणून एका लढाईवरून निकाल देऊ नका, तीच लढाई निदान दहा वेळा खेळा. सबंध खेळ पुन्हा खेळण्याची गरज नाही. एखाद्या अवघड लढाईपूर्वी खेळ जतन करून ठेवा आणि तेथूनच प्रयोग सुरू करा. अभ्यासाचा वेळही वाचेल.

तुमचा अंदाज बरोबर आला, तर तो आता केवळ अंदाज राहिला नाही. चुकला, तर अधिकच उत्तम. ज्या वीराला तुम्ही अपरिहार्य समजत होता, त्याच्यावाचूनही वाट निघते, हे तुम्हांला समजले. निसर्गाविषयीचे आपले कितीतरी पक्के समज असेच एकेक गोष्ट बदलून पाहिल्यावर ढासळले आहेत.

संगणक नसला म्हणून अडत नाही. कागद, दोन फासे आणि चार मित्र पुरेत. एकाने सूत्रधार व्हावे. ठाऊक असलेले एखादे आख्यान घ्या आणि दर खेपेला फक्त एकाची भूमिका बदला. गोष्ट किती बदलते, ते पाहून तुम्हांलाच नवल वाटेल.

करून पाहा

१) एका खेळात आठ निरनिराळे वीर आहेत. त्यांतून चार निवडायचे आहेत, पण एकच वीर दोनदा घेता येत नाही. टोळ्या किती होतील?

२) प्रकार पाच आणि जागा तीन आहेत. एकच प्रकार कितीही वेळा घेता येतो. वरच्यासारखी यादी करून टोळ्या मोजा.

उत्तरे: १) ७०. २) तिघे सारखे ५, दोघे सारखे २०, तिघेही वेगळे १०, एकूण ३५.