साडी नेसलेली बार्बी आणि भारतीयत्वाचा साचा

मॅटेल या अमेरिकी कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणलेल्या बार्बीला १९८० पासून ‘डॉल्स ऑफ द वर्ल्ड’ या मालिकेतून देशोदेशींचे पोशाख मिळू लागले आणि पुढच्या काही वर्षांतच त्या मालिकेत भारताची बाहुलीही दाखल झाली. तिचे भारतीयत्व साडी आणि दागिन्यांवर उभे होते. बांधा मूळ बार्बीचाच होता आणि उंच टाचांच्या बुटांसाठी कायम उचललेली पावलेही निऱ्यांखाली तशीच राहिली. एखाद्या समाजाची मोजकी, डोळ्यांत भरणारी वैशिष्ट्ये वेचून तीच त्याची संपूर्ण ओळख म्हणून वारंवार मांडली गेली की जे चित्र रूढ होते, त्याला साचेबंद प्रतिमा म्हणतात. खेळण्यातून ती फार खोलवर रुजते, कारण बाहुलीला नटवताना आपण एका समाजाविषयी काही शिकत आहोत, हे मुलाच्या ध्यानीही येत नाही.

याच मालिकेत २०१२ च्या सुमारास आलेल्या भारतीय बार्बीसोबत पारपत्र आणि एक माकड होते. प्रत्येक देशाच्या बाहुलीला एखादा प्राणी जोडण्याची ती योजना होती, मेक्सिकोच्या वाट्याला चिवावा जातीचा कुत्रा आला होता, तेव्हा यात मुद्दाम केलेला अवमान शोधण्याचे कारण नाही. तरीही एवढ्या मोठ्या देशातून नेमके माकडच निवडावेसे वाटले, यामागे साप, हत्ती आणि माकडांचा देश ही वासाहतिक काळापासून चालत आलेली कल्पना आहे.

ही दृष्टी केवळ परक्यांचीही नव्हे. बंगालमधील कृष्णनगरच्या कारागिरांनी घडवलेल्या विविध व्यवसायांच्या माणसांच्या मृण्मय आकृती १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडल्या गेल्या होत्या. त्यांतील कौशल्य थक्क करणारे आहे, पण त्या माणसांना नाव नाही, फक्त धंदा आहे. १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांनी छायाचित्रांच्या आधारे हेच केले, म्हणजे व्यक्तीला तिच्या जातीचा किंवा जमातीचा नमुना ठरवले. स्वातंत्र्यानंतर व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये दिल्लीत उभारलेल्या बाहुली-संग्रहालयात प्रांतोप्रांतीच्या वेशभूषा आपुलकीने जतन झाल्या, आणि तो हेतू निःसंशय मोलाचा होता. मात्र प्रांताला एक पोशाख हे समीकरण त्यातूनही पक्के होत गेले. भारतात विकल्या गेलेल्या राजस्थानी, मणिपुरी बार्बींनी तेच उचलले. नऊवारी आणि नथ ल्यालेली ‘महाराष्ट्रीय’ बाहुली दुकानात सहज मिळते, पण गोंड वा कोरकू मुलीला त्या बाहुलीत स्वतःचे काय सापडावे?

मॅटेलच्याच मालकीच्या ‘अमेरिकन गर्ल’ने २०२३ ची ‘गर्ल ऑफ द इयर’ म्हणून आणलेली कवी शर्मा ही बाहुली या दृष्टीने वेगळी ठरते. ती न्यू जर्सीतील मेटचन या गावी राहते, तिला ब्रॉडवेच्या संगीतनाटकांचे वेड आहे आणि तिची कथा मुंबईत वाढलेल्या वर्षा बजाज यांनी लिहिली आहे. तिच्या संचातही बॉलीवूड नृत्याचा पोशाख आहेच, परंतु येथे तो एका विशिष्ट मुलीच्या आवडींपैकी एक म्हणून येतो, साऱ्या देशाचा गणवेश म्हणून नव्हे. बार्बीनेही २०१६ मध्ये तीन नवे बांधे आणि त्वचेच्या सात छटा आणल्या. बाहुलीला व्यक्ती म्हणून घडवायचे तर तिचे घर, तिची माणसे आणि तिचा छंद आधी ठरवावा लागतो, आणि साडी नेसवायची की नाही, हा प्रश्न त्यानंतर येतो.