संगणक मोडीत काढण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. ही केवळ तंत्रज्ञांच्या चर्चेची बाब आहे, असे समजून सामान्य वाचकाने तिच्याकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे. कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्र आणि त्यावरील कार्यक्रम यांच्यामधील कारभारी होय. तिच्यातील सुरक्षेचे दोष दुरुस्त होणे थांबले, की तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय कंपनीने देऊ केली हे खरे. परंतु मुदतवाढ म्हणजे निकाल नव्हे.

‘विंडोज ११’चा मार्गही सर्वांना खुला नाही. २०२१ साली आलेल्या या प्रणालीने ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढ्यांचे प्रोसेसर आवश्यक केले. परिणामी साधारणतः २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक अपात्र ठरले. ज्या यंत्रावर शिक्षक प्रश्नपत्रिका तयार करतात आणि विद्यार्थी प्रकल्प लिहितात, ते यंत्र काल चालत होते तसे आजही चालते. झिजले काहीच नाही. बदलला तो कंपनीचा निर्णय. २०१५ साली आणलेली प्रणाली कंपनीने अनंतकाळ सांभाळावी, असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो, आता यंत्र मोडीत काढण्यावाचून गत्यंतर नाही, या समजुतीला. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. त्या ढिगाऱ्यात धडधाकट यंत्रांची भर घालणे हा शहाणपणा नव्हे.

गत्यंतर आहे, आणि ते नवेही नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहिला व पुढच्याच वर्षी तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. म्हणजे ज्याला आपण परका समजतो, तो आपल्या खिशात केव्हाच येऊन बसला आहे!

इंग्रजीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांना एकच शब्द असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. लिनक्सला बहुधा पैसे पडत नाहीत, हा त्याचा दुय्यम गुण. ते हवे तसे वापरावे, त्याची रचना अभ्यासावी, त्यात सुधारणा करावी आणि दुसऱ्यास द्यावे, हा अधिकार खरा महत्त्वाचा. एका कंपनीने अंग काढून घेतले, तरी दुसऱ्यांना ते काम पुढे नेता येते.

बदल अवघड नाही. मात्र तो डोळसपणे करावा. ‘उबुंटू’ किंवा ‘लिनक्स मिंट’ यांसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून, संगणकावरील मजकुराला धक्का न लावता आधी चालवून पाहता येते. पत्रलेखन व हिशेब यांसाठी ‘लिबरऑफिस’ आहे, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आहे. कायमचा बदल करण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत अन्यत्र ठेवावी. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली जुनी मराठी कागदपत्रे आधीच युनिकोडमध्ये आणावीत. अन्यथा अक्षरांऐवजी नुसती चिन्हे दिसतील. काही हिशेबी कार्यक्रम, डिजिटल स्वाक्षरीची साधने व छपाईयंत्रे अडून बसतात, हेही लपवू नये. ज्याची उपजीविका त्यांवर अवलंबून आहे, त्याने घाई करू नये.

खरी अडचण यंत्रापेक्षा सवयीची आहे. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ साली आपली कार्यालये लिनक्सवर नेण्याचे ठरविले आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. उलट केरळने आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले, त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि ते टिकविले. केवळ प्रणाली बदलून भागत नाही. वापरणाऱ्याला सोबत घ्यावे लागते, हाच या दोन उदाहरणांचा बोध.

ही सोबत आपल्याकडे शाळा, महाविद्यालये आणि ग्रंथालये देऊ शकतील. महिन्यातील एक रविवार जाणत्या विद्यार्थ्यांनी शेजाऱ्यांच्या जुन्या संगणकांसाठी दिला, तरी पुष्कळ यंत्रे वाचतील. त्याहून मोठा लाभ असा, की वस्तू विकत घेतल्यानंतर तिच्यावर आपलाही काही अधिकार उरतो, याची जाणीव ग्राहकाला होईल. ती जाणीव नसेल, तर नवा संगणक घेऊनही आपण पुढच्या मुदतीचे ताबेदारच राहणार.