गतिज घर्षण : हळदीच्या पोत्यापासून पसरणीच्या घाटापर्यंत

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा हंगाम सुरू झाला म्हणजे पोत्यांच्या थप्प्या लागू लागतात. हमालाने फरशीवर ढकलून दिलेले पोते हातभर सरकते आणि थांबते. त्याला कोणी अडविलेले नसते. मग ते का थांबावे? या साध्या प्रश्नाचे उत्तर घाटातून उतरणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करू.

पोते व फरशी यांचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले, तरी सूक्ष्म दृष्टीने पाहता ते उंचसखल असतात. एकमेकांना ते टेकतात ते केवळ उंचवट्यांच्या टोकांशी. त्या मोजक्या बिंदूंवर दाब फार मोठा असल्याने तेथे पृष्ठभाग एकमेकांस चिकटतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यास केंब्रिज येथे बाउडन व टेबर यांनी विशद केली. पोते सरकताना हे सांधे सतत तुटत व नव्याने जुळत राहतात. त्यांना तोडण्यासाठी लागणारे बल गतीच्या विरुद्ध दिशेने कार्य करते. तेच गतिज घर्षण होय. स्थिर पोत्याचे सांधे अधिक घट्ट बसलेले असतात. यास्तव पोते हलविण्यास जितका जोर लागतो, तितका ते सरकत ठेवण्यास लागत नाही. स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा सामान्यतः गतिज घर्षणापेक्षा अधिक असते, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

घर्षणाचे बल हे पृष्ठभागांतील लंब दाबाच्या प्रमाणात असते, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों याने १६९९ साली मांडला व पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कूलों याने तो प्रयोगांनी दृढ केला. हे प्रमाण दर्शविणारी संख्या म्हणजे घर्षणगुणांक. समजा, पोते ५० किलोग्रॅमचे असून गतिज घर्षणगुणांक ०.४ आहे. तर घर्षणबल सुमारे १९६ न्यूटन भरते आणि पोत्याचा वेग दर सेकंदास ३.९ मीटर प्रति सेकंद इतका घटतो. आरंभी वेग २ मीटर प्रति सेकंद असेल, तर पोते अर्ध्या मीटरवर थांबेल. आता दोन पोती एकत्र बांधून त्याच वेगाने ढकलली, तर? घर्षण दुप्पट होईल हे खरे. परंतु थांबवावयाचे वस्तुमानही दुप्पट होईल. अंतर तेच राहील. म्हणजेच घसरत जाण्याचे अंतर वजनावर अवलंबून नाही. ते अवलंबून आहे वेगाच्या वर्गावर आणि घर्षणगुणांकावर.

हाच हिशेब वाहनास लावून पाहू. ब्रेक करकचून दाबल्यामुळे चाके जागच्या जागी अडकली, म्हणजे वाहन हे रस्त्यावर घसरणारे एक पोतेच बनते. कोरड्या डांबरी रस्त्यावर गुणांक ०.७ धरल्यास, ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे ५ मीटर घसरून थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे मात्र २० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. पावसाने गुणांक ०.४ वर आला, की हेच २० मीटर ३५ होतात. आणि तोच रस्ता १५ मीटरांस १ मीटर असा उतरता असेल, तर ४२ मीटरांहून अधिक. चालकास धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १७ मीटर मिळवावेत. पहिल्या पावसात धूळ व तेल यांचा जो राप रस्त्यावर पसरतो, किंवा उसाच्या हंगामात शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर जी काळी माती डांबरावर येते, ती या गुणांकास आणखी खाली ओढते.

येथे कोणी विचारील की, वेग कमी व्हावयाचा तर कोठेतरी घर्षण हवेच. मग चाके अडकली तर बिघडले कोठे? याचे उत्तर असे की, घसरण कोठे व्हावी हाच खरा प्रश्न आहे. चाक फिरत असताना टायरचा जमिनीस टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो. तेथे बलवत्तर असे स्थितिक घर्षण लाभते आणि घसरण होते ती ब्रेकच्या अस्तरात व ड्रममध्ये. चाक अडकले की घसरण रस्त्यावर येते. पकड घटते, शिवाय गतिज घर्षण केवळ घसरण्याच्या दिशेविरुद्ध लागत असल्याने सुकाणू फिरवूनही वाहन वळत नाही. चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा याच तत्त्वावर आधारलेली आहे.

तथापि ड्रममधील घर्षणालाही मर्यादा आहे. घर्षणाने गतिज ऊर्जा नष्ट होत नाही. तिची उष्णता होते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, वाई सुमारे ७०० मीटरवर. १० टनांची मालमोटार पसरणीच्या घाटाने वाईस उतरते, तेव्हा तिची सुमारे ५ कोटी ८८ लाख जूल स्थितिज ऊर्जा खर्ची पडते. एवढ्या उष्णतेने १८५ लिटर साधे पाणी उकळू लागेल! हा सारा भार एकट्या ब्रेकवर पडला, तर अस्तरे तापून त्यांचा गुणांक घटतो आणि ऐन वळणावर ब्रेक निकामी ठरतो. घसरण्याच्या अंतराच्या हिशेबातून वजन गळून पडले होते. उष्णतेच्या हिशेबात ते पुन्हा येते. भरलेल्या गाडीचा चालक घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाकतो, तो ऊर्जेचा काही वाटा इंजिनाने सोसावा म्हणून.

हळदीचे पोते हातभर सरकून थांबते, कारण त्याचा वेग अल्प असतो. घाटातील वाहनास हातभर अंतर पुरत नाही. घर्षणगुणांक रस्त्याच्या व पावसाच्या स्वाधीन आहे. चालकाच्या स्वाधीन असतो तो वेग, आणि तोही उतार सुरू होण्यापूर्वी.