चौथीच्या चौरस्त्यावर

जर्मनीला जायचं ठरलं, की पुण्या-ठाण्याच्या घरांत आधी चौकशी होते ती पगाराची, कराची, घरभाड्याची आणि तिकडे तूरडाळ मिळते का याची. मुलांच्या शाळेविषयी एवढंच ऐकलेलं असतं, की सरकारी शाळेत फी नाही. ते खरंही आहे. पण तिकीट काढण्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: तिथे पोचताना मूल किती वर्षांचं असेल?

महाराष्ट्राचं जर्मनीशी नातं जुनं आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला. मोठी माणसं मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून निघतात. लहान मुलांची भाषेची परीक्षा व्हिसासाठी कुणी घेत नाही. ती पुढे शाळाच घेते.

शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय आहे आणि राज्यं सोळा. त्यामुळे हाम्बुर्गमधल्या मैत्रिणीचा सल्ला म्युनिकमध्ये लागू पडेलच असं नाही. काही गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. मूल एक वर्षाचं झालं की पाळणाघरात, म्हणजे 'किटा'त, जागा मिळण्याचा त्याला १ ऑगस्ट २०१३पासून कायदेशीर हक्क आहे. मोठ्या शहरांत ती प्रत्यक्षात मिळवताना पालकांची दमछाक होते, ही गोष्ट वेगळी. सहाव्या वर्षी पहिली. त्या दिवशी मुलाच्या हातात खाऊ आणि वह्या-पेन्सिली भरलेला, चांगला मोठा पुठ्ठ्याचा शंकू असतो. शाळा सक्तीची आहे आणि सक्ती म्हणजे सक्तीच. घरी शिकवण्याची मुभा नाही. मावसबहिणीच्या लग्नासाठी मुलांना सत्राच्या मध्येच आठवडाभर भारतात नेणं अवघड, कारण मुख्याध्यापकांची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. बव्हेरियात सुट्टी लागण्याच्या तोंडावर शाळा बुडवून विमानतळावर पोचलेल्या कुटुंबांना पोलिसांनी हटकल्याचीही उदाहरणं आहेत.

खरा पेच येतो तो चौथीत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग वगळता (तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे) बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे नेणारी आबिटूर परीक्षा ज्या शाळेत होते, ते गिम्नाझिउम. दहावीपर्यंतची मधली शाळा म्हणजे रेआलशूल. हाताच्या कौशल्यांकडे, व्यवसाय-प्रशिक्षणाकडे झुकलेली ती हाउप्टशूल. अनेक राज्यांनी शेवटच्या दोन आता एकत्र केल्या आहेत. जर्मन गुणपद्धतीत १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. बव्हेरियात गिम्नाझिउमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. उशिरा आलेल्या परभाषक मुलांना काही सवलत आहे. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आता पालकांच्या इच्छेला शिक्षकांच्या शिफारशीची किंवा चौथीतल्या चाचणीची जोड असावी लागते.

म्हणजे निवड होते ती साधारण दहाव्या वर्षी. आणि भाषा? स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करणारे कॅनडातले जिम कमिन्स यांनी दोन टप्पे वेगळे दाखवले. खेळताना, भांडताना, डबा खाताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते. धडा वाचून कारण लिहायला किंवा गणितातलं शाब्दिक उदाहरण उलगडायला लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं जातात. इथेच पालक फसतात. पोरगं मैदानावर फाडफाड जर्मन बोलतं, आई-बाबांच्या चुका काढतं, आणि प्रगतिपुस्तकात जर्मनपुढे ४ दिसतो. शाळेचं घड्याळ आणि भाषेचं घड्याळ एका चालीने चालत नाहीत. तिसऱ्या वर्षी आलेल्या मुलाला चौथीपूर्वी पुरेसा अवधी मिळतो, आठव्या वर्षी आलेल्याला मिळत नाही.

उशिरा येणाऱ्यांसाठी सोय आहे. बर्लिनमध्ये 'स्वागत वर्ग', बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये 'तयारी वर्ग', बव्हेरियात 'जर्मन वर्ग' अशी नावं राज्यागणिक बदलतात. या वर्गांत आधी भर जर्मनवर असतो, मग मूल हळूहळू नेहमीच्या वर्गात जातं. प्रवेशाच्या वेळी पालकांनी स्वतःहून विचारायच्या गोष्टी दोन: हा वर्ग किती काळ चालेल, आणि तोवर गणित-विज्ञानाचं काय? आणखी एक सवय लावावी लागते. तोंडी सहभागाचा गुणांत मोठा वाटा असतो. खाली मान घालून नीट ऐकणारं, वही टापटीप ठेवणारं आपलं गुणी मूल तिथे 'सहभाग कमी' या शेऱ्याचं धनी होतं. चुकीचं का होईना, पण हात वर करून बोल, हे घरातूनच सांगावं लागतं.

या धास्तीपोटी अनेक घरं एक निर्णय घेतात आणि तो हमखास नुकसान करतो: घरातही जर्मन बोलायचं. आईबाबांचं जर्मन बेताचं, म्हणून मुलाला मिळतं तेही बेताचंच. आणि ज्या भाषेत ते 'का?' विचारत होतं, ती आटते. अपूर्णांक, पाण्याचं चक्र, ग्रहण हे मराठीत नीट कळलं असेल, तर जर्मनमध्ये फक्त नवे शब्द शिकायचे उरतात. मराठीचा व्याकरणातही हातभार लागतो. हिंदीत लिंगं दोन. मराठीत आणि जर्मनमध्ये तीन. कोणत्या नामाचं कोणतं लिंग हे पाठच करावं लागतं, पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं आणि त्याप्रमाणे विशेषण बदलतं, याचं मराठी मुलाला नवल वाटत नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही त्याच्या कानाला ओळखीचं. उलट इंग्रजी वाचनाची सवय सुरुवातीला आड येते, कारण जर्मन डब्ल्यूचा उच्चार 'व' आणि झेडचा 'त्स'.

तेव्हा हिशेब सरळ आहे. दोन-तीन वर्षांसाठीच जायचं आणि कंपनी फी भरत असेल, तर इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा परतीच्या दृष्टीने सोयीची. कायमचं जायचं, तर मूल लहान असतानाच जावं आणि त्याला थेट किटात घालावं. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल, तर घर शोधतानाच सगळ्या वाटा एका छपराखाली ठेवणारी 'गेझाम्टशूल' जवळपास आहे का, ते पाहावं. रेआलशूलमधून पुढे आबिटूरकडे जाता येतं आणि व्यवसाय-प्रशिक्षणाला त्या देशात मान आहे, पगारही आहे. चौथीतला निकाल म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे, हे आपल्याकडच्या आजी-आजोबांनाही फोनवर समजावून सांगावं.

जर्मन शिकवायला शाळा आहे, मैदान आहे, शेजारची पोरं आहेत. मराठीला तिथे घराशिवाय, आणि असलंच तर गावातल्या मराठी मंडळाशिवाय, कुणी वाली नाही. आई-बाबांनी आपल्या वाटणीला आलेलं एवढं काम चोख केलं, तर बाकीचं बरंचसं काम शाळा करते.