गिटार पेडलचा डबा: अर्धं सर्किट तर तोच आहे!

ब्रेडबोर्डवर पहिलं पेडल जोडलं, गिटार लावली, आवाज आला... आणि सोबत ‘घुंऽऽऽ’ पण आलं. मग सगळे ट्रान्झिस्टर बदलत बसतात. थांबा! सर्किट बहुतेक ठीकच आहे. त्याला डबा नाहीये, एवढंच. आज त्या डब्याबद्दलच बोलू.

उदाहरण घेऊ एलपीबी-१ या बूस्टरचं. माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कला इलेक्ट्रो-हार्मोनिक्स सुरू केली, तिच्या अगदी सुरुवातीच्या उत्पादनांपैकी हे एक. आत काय असतं? १ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, २ कपॅसिटर आणि १ पॉट. बस्स. हा माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळतो. ट्रान्झिस्टर म्हणून आपला बीसी५४७ चालतो, फक्त पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघून घ्या. ९ व्होल्ट दिल्यावर कलेक्टरवर मल्टिमीटरने ३ ते ६ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसलं, की समजा गाडी रुळावर आहे.

आता घुंऽऽऽ कुठून येतं? हे सर्किट सिग्नल ढोबळमानाने २० पट मोठा करतं. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल व्होल्टचा छोटासा भाग असतो. घरातल्या वायरिंगमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ फिरत असतात. उघडी वायर अँटेनासारखी वागते, ती गुणगुण पकडते आणि सर्किट इमानदारीत तीही २० पट करतं. त्याला काय माहीत, गाणं कुठलं आणि ट्यूबलाइट कुठली!

उपाय जुना आहे. मायकल फॅरडेने १८३६ मध्ये दाखवलं, की चारही बाजूंनी धातू असेल तर बाहेरचं विद्युत क्षेत्र आत पोचत नाही. म्हणून पेडलचा डबा ॲल्युमिनियमचा. पण एक अट आहे: डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला हवा. धातूचे जॅक वापरले तर नट आवळताच तो जोडला जातो. प्लॅस्टिक बॉडीचे जॅक असतील, तर वेगळी वायर घ्यावी लागते. प्लॅस्टिकचाच डबा वापरायचा असेल, तर आतून तांब्याची चिकटपट्टी लावा आणि तिला ग्राउंडची वायर सोल्डर करा. आणि हो, सिंगल-कॉइल पिकअप स्वतःच जी गुणगुण पकडतो, ती डब्याने जाणार नाही. ती गिटारमध्येच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट ऐका. पेडलच्या ९ व्होल्ट अडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा मधली पिन निगेटिव्ह असते. राउटरच्या अडॅप्टरमध्ये सहसा उलटं, मधली पिन पॉझिटिव्ह. त्यामुळे घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर लावू नका, आधी त्यावरचं चिन्ह बघा. आणि डब्याला बसवायचा पॉवर सॉकेट प्लॅस्टिक बॉडीचाच घ्या. का? मधली पिन निगेटिव्ह म्हणजे बाहेरचा भाग पॉझिटिव्ह. तो धातूचा असला तर ग्राउंड केलेल्या डब्याला टेकणार आणि सरळ शॉर्ट.

बॅटरी वापरणार असाल तर एक झकास युक्ती आहे. इनपुटला स्टिरिओ जॅक लावा आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगला जोडा. गिटारची मोनो पिन आत गेली, की रिंग आणि ग्राउंड जोडले जातात आणि पेडल चालू होतं. पिन काढली, की बंद. वेगळं बटण नको.

भोकं पाडताना लक्षात ठेवा: पेडलचं झाकण खाली असतं. म्हणजे वायरिंग करताना तुम्ही डबा उलटा धरता आणि डावं-उजवं बदलतं. इनपुट वरून बघताना उजवीकडे हवा, तर आतून तो डावीकडे दिसेल. कागदावर आखा, कागद डब्यावर चिकटवा, सेंटर पंचने खूण करा. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग स्टेप बिटने मोठं. पॉटला साधारण ७, जॅकला १०, फूटस्विचला १२ मिलिमीटर. पण आपापले पार्ट मोजूनच पाडा. चष्मा घाला, डबा हातात न धरता शिकंज्यात पकडा, कडा कानसीने घासा.

शेवटी वायरी. इनपुट आणि आउटपुटच्या वायरी शेजारी-शेजारी नेऊ नका, नाहीतर पेडल शिट्टी मारायला लागतं. बोर्डाखाली जाड पुठ्ठा ठेवा, म्हणजे सोल्डरची टोकं डब्याला टेकणार नाहीत.

आणि एक क्रम पाळा: आधी ब्रेडबोर्डवर वाजवा, मग सोल्डर करा, पुन्हा वाजवा, मगच स्क्रू आवळा. आम्ही कोडवाले याला टेस्टिंग म्हणतो. डब्यात बंद झाल्यावर बग शोधणं म्हणजे नऊ वायरींच्या फूटस्विचशी कुस्ती!

चला, पार्टची यादी करायला घ्या. पुढच्या भागात हाच फूटस्विच उघडून बघू. भेटूच!