मजकूर एकीकडे, मांडणी दुसरीकडे

जुन्या वेबपानांत पुस्तकाचे नाव, त्याचा रंग, अक्षरांचा आकार सगळे एकाच फाइलीत कोंबलेले असे. रंग बदलायचा तर एकेक पान उघडत बसा! डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 10 फेब्रुवारी 1998 रोजी शिफारस केलेल्या एक्सएमएल या खुणांच्या भाषेमुळे नुसती माहिती वेगळी ठेवण्याची सोय झाली.

नोंद अशी दिसते:

<पुस्तक><नाव>श्यामची आई</नाव><लेखक>साने गुरुजी</लेखक></पुस्तक>

(हो, खुणा देवनागरीतही चालतात, पाया युनिकोडचा आहे.) नाव ठळक हवे की तिरपे, याबद्दल इथे चकार शब्द नाही. ते काम 1999 मध्ये आलेल्या एक्सएसएलटी या भाषेत लिहिलेल्या दुसऱ्या फाइलीचे. ही फाइल सांगते, की प्रत्येक ‘पुस्तक’ नोंदीची तक्त्यात एक ओळ करा. मोबाइलसाठी वेगळी एक्सएसएलटी, छपाईसाठी आणखी वेगळी. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. जावामधील ‘अपाची ककून’ ही प्रणाली याच तत्त्वावर उभी राहिली.

कागदावर हे झकास, पण एक्सएसएलटी लिहिणे कटकटीचे. तिथे व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही, त्यामुळे मुरलेले प्रोग्रामरही सुरुवातीला अडखळतात. वेब ॲप्लिकेशनांत माहितीची ने-आण आता बहुतांशी जेसन या दुसऱ्या स्वरूपातून होते; मजकूर आणि मांडणीची विभागणी मात्र टिकली आहे.

पडताळून पाहायचे असेल, तर वर्डच्या ‘डॉक्स’ फाइलीची एक प्रत काढा, नावाच्या शेवटी ‘डॉक्स’ऐवजी ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत मजकुराची एक्सएमएल फाइल वेगळी आणि शैलींची वेगळी सापडेल.