विटेसाठी वाकायचं कशाला?

एक वीट भिंतीत बसवायला किती हालचाली लागतात? खाली वाकायचं, वीट उचलायची, हातात फिरवून तिची चांगली बाजू शोधायची, सरळ व्हायचं, पुन्हा वाकून थापीवर माल घ्यायचा, थरावर पसरायचा, वीट ठेवायची, ठोकायची... फ्रँक गिलब्रेथने अशा 18 हालचाली मोजल्या आणि चक्क पाचांवर आणल्या!

हा गिलब्रेथ अमेरिकेतला. 1885 साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो गवंडीकाम शिकायला लागला. शिकता शिकता त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक गवंड्याची तऱ्हा वेगळी. एवढंच नव्हे, तर एकच गवंडी नवख्याला शिकवताना एका पद्धतीने वीट लावतो आणि घाईत असला की दुसऱ्याच. मग यातली बरोबर कोणती? हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला.

सगळ्यात मोठी उधळपट्टी होती ती वाकण्यात. विटा पायाशी पडलेल्या. जेमतेम सव्वादोन किलोंची वीट उचलायला गवंडी आपलं साठ-सत्तर किलोंचं शरीर दोन फूट खाली नेई आणि वर आणी, तेही दिवसातून हजारेक वेळा! गिलब्रेथने परांचीच बदलली. भिंत चढेल तशी ती वर सरकायची. उभं राहायला एक फळी आणि विटा-मालासाठी तिच्याहून उंच दुसरी. बिगारी विटा आधीच निवडून, चांगली कड एका बाजूला घेऊन लाकडी चौकटीवर रचून देई, त्यामुळे वीट फिरवून बघणं संपलं. माल असा नेमका कालवलेला, की वीट हाताने दाबली की बसली, ठोकणं संपलं. आणि डावा हात वीट उचलत असतानाच उजवा माल घेऊ लागला.

12 इंची भिंतीवर तासाला 120 विटा लावणारा माणूस 350 लावू लागला. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की कुणी हात भरभर चालवले नव्हते. नको ती मेहनत तेवढी गेली होती.

पुढे फ्रँक आणि त्याची पत्नी लिलियन यांनी कारखान्यांतल्या कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून फोटो काढले. हात जिथून जिथून गेला, तो सगळा रस्ता फोटोत उजेडाच्या रेघेने उमटे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचंही त्यांनी चित्रण केलं. डॉक्टरांनी हत्यारं शोधत बसू नये, नर्सने ती नेमकी त्यांच्या हातात द्यावीत, असा आग्रह गिलब्रेथने धरला. विटेवरचा विचार असा ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचला.

तुमच्याकडे बांधकाम निघालं, तर विटा कुठे रचल्या आहेत ते एकदा बघा. गवंड्याच्या पायाशी असतील, तर कंत्राटदाराला सांगून त्या कमरेच्या उंचीवर घ्यायला लावा. चार फळ्यांचा खर्च आहे.